मे महिन्यातली जागतिक आईस हॉकी स्पर्धा: 'दुय्यम' का म्हणायचं हिला?

बर्फवेडा

दर मे महिन्यात आईस हॉकीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "खरे खेळाडू तिकडे एनएचएलच्या प्लेऑफमध्ये अडकलेत, इथे बघायचं काय?" एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक लीग आणि प्लेऑफ म्हणजे तिची शेवटची बाद फेरी, ती याच दिवसांत चालते. आंतरराष्ट्रीय महासंघाची ही वार्षिक जागतिक स्पर्धा त्यामुळे अनेकांच्या लेखी दुय्यम ठरते. मला हे मत साफ चुकीचं वाटतं. का, ते नीट मांडायचं बरेच दिवस मनात होतं, म्हणून हा धागा.

२२ मे २०२५ चा उपांत्यपूर्व सामना घ्या. गाव हर्निंग, यजमान डेन्मार्क, समोर कॅनडा. आणि हा कॅनडा काही दुसऱ्या फळीचा नव्हता. कर्णधार सिडनी क्रॉस्बी, सोबत नेथन मॅकिनन. कॅनडाने १-० अशी आघाडी घेतली आणि ती शेवटची तीन मिनिटं उरेपर्यंत टिकली. मग निकोलाय एलर्सने बरोबरी साधली. सगळे ओव्हरटाइमची तयारी करत असताना, अवघे ४९ सेकंद उरलेले, निक ओलेसनने दुसरा गोल केला. डेन्मार्क २, कॅनडा १. एलर्सचा विनिपेगचा संघ प्लेऑफमधून बाद झाला होता आणि तो तडक येऊन आपल्या देशाच्या संघात दाखल झाला होता.

आता मागे जाऊ. १९४९ साली स्टॉकहोमच्या जागतिक स्पर्धेत याच कॅनडाने याच डेन्मार्कला ४७-० असं हरवलं होतं. सत्तेचाळीस! त्यानंतर डॅनिश संघाला सर्वोच्च विभागात परत यायला २००३ साल उजाडलं. आल्या आल्या त्यांनी अमेरिकेला ५-२ हरवलं आणि कॅनडाला २-२ असं बरोबरीत रोखलं. तेव्हापासून ते वरच टिकून आहेत.

माझा मुद्दा इथेच आहे. ही स्पर्धा दरवर्षी होते म्हणून डेन्मार्कसारखा देश घडू शकतो. दरवर्षी कॅनडा, स्वीडन, फिनलंड अशांशी गाठ पडते, मार खाल्ला तरी पुढच्या मे महिन्यात पुन्हा संधी असते. ऑलिंपिक चार वर्षांतून एकदा येतं आणि तिथे मोजक्या बारा संघांना जागा मिळते. निव्वळ त्यावर विसंबून कुठल्या लहान देशाची आईस हॉकी उभी राहिली असती?

ज्यांना रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: वरच्या विभागात १६ संघ, आठ-आठचे दोन गट. प्रत्येकाचे सात साखळी सामने. गटातले पहिले चार उपांत्यपूर्व फेरीत. दोन्ही गटांतला तळाचा एकेक संघ खालच्या विभागात घसरतो आणि खालून दोन वर येतात. २०२५ मध्ये फ्रान्स आणि कझाकस्तान घसरले, ग्रेट ब्रिटन आणि इटली वर आले.

तुमची मतं लिहा. न पटणाऱ्यांनी तर अवश्य लिहा.

केतकी

छान धागा. ४७-० हा आकडा दोनदा वाचला!

मला गुणांची पद्धत समजावून सांगाल का? मध्ये एक सामना बघितला, त्यात ओव्हरटाइमला अचानक मैदान रिकामं दिसायला लागलं. तीन-तीनच खेळाडू होते. नियम बदलतात का?

बर्फवेडा

@केतकी, हो, बदलतात. एरवी पाच खेळाडू आणि गोलकीपर. साखळीत बरोबरी झाली की पाच मिनिटांचा ओव्हरटाइम, दोन्हीकडे तीन-तीन खेळाडू. जो आधी गोल करेल तो जिंकला. तरीही बरोबरी राहिली तर शूटआउट. ६० मिनिटांत जिंकलात तर ३ गुण, ओव्हरटाइममध्ये किंवा शूटआउटवर जिंकलात तर २, हरणाऱ्याला १. म्हणजे बलाढ्य संघाला साठ मिनिटं रोखून धरलं तरी लहान संघाच्या पदरात एक गुण पडतोच. घसरण टाळायला कधीकधी तेवढाही पुरतो.

अंतिम सामन्याला मात्र शूटआउट नाही. तीन-तीन खेळाडूंनीच, पण गोल होईपर्यंत खेळायचं.

अनिकेत_प

लेख आवडला, पण मी असहमत आहे. सविस्तर लिहितो.

राष्ट्रीय संघांची स्पर्धा म्हणजे देशातले सर्वोत्तम खेळाडू एकमेकांसमोर आले पाहिजेत. फेब्रुवारी २०२५ मधली 'फोर नेशन्स फेस-ऑफ' आठवा. कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड. सगळे एनएचएलचे खेळाडू, मोसम ऐन भरात. मॉन्ट्रियलमध्ये कॅनडा-अमेरिका सामना सुरू होऊन नऊ सेकंद झाले आणि तेवढ्यात तीन हाणामाऱ्या झाल्या होत्या. मारामारीचं मला कौतुक नाही. पण त्यानंतरची साठ मिनिटं ज्या वेगाने खेळली गेली तसा खेळ मी क्वचित बघितलाय. एक चुकीचा पास गेला की थेट आपल्या गोलवर हल्ला. अमेरिका ३-१ ने जिंकली. पाच दिवसांनी बॉस्टनला अंतिम सामना, पुन्हा तेच दोघे. २-२, ओव्हरटाइम, कॉनर मॅकडेव्हिडचा गोल, कॅनडा विजेता. त्या ओव्हरटाइममध्ये कॅनडाचा गोलकीपर जॉर्डन बिनिंग्टनने अडवलेले फटके अजून डोळ्यांसमोर आहेत.

मेमधल्या स्पर्धेत हे मिळत नाही. कोण येणार हे प्लेऑफमध्ये कोण हरलं यावर ठरतं. थकलेले, दुखापती अंगावर काढलेले खेळाडू येतात किंवा येतच नाहीत. अशा संघाला हरवलं तर 'कॅनडाला हरवलं' असं म्हणायला मी धजणार नाही. डेन्मार्कचं कौतुक आहेच, पण दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत.

मिलिंद

अनिकेत यांना +१. फोर नेशन्सचा अंतिम सामना हा मी पाहिलेला सर्वात चांगला आईस हॉकीचा सामना आहे.

बर्फवेडा

@अनिकेत_प, खेळाच्या दर्जाबद्दल वाद नाही. तो अंतिम सामना अप्रतिम होता आणि मेमध्ये तसा वेग दिसत नाही, हे मान्य.

पण त्या स्पर्धेत देश चारच. डेव्हिड पास्त्रन्याक तिथे नव्हता, कारण तो चेक. लिऑन ड्रायझाइटल नव्हता, कारण तो जर्मन. जगातले सर्वोत्तम खेळाडू हा निकष लावायचा तर हे दोघे बाहेर कसे? दोघेही आपापल्या देशाकडून मे महिन्यातच खेळलेत. पास्त्रन्याकचं २०२४ चं बघा. त्याचा बॉस्टनचा संघ प्लेऑफमधून बाद झाला आणि तो प्रागला आला. घरच्या प्रेक्षकांसमोर स्वित्झर्लंडविरुद्ध अंतिम सामना, दोन सत्रं गोलशून्य. तिसऱ्या सत्रात त्याने कोंडी फोडली. २-० ने चेकियाला सुवर्ण. त्या वर्षी प्राग आणि ओस्त्रावा मिळून ७,९७,७२७ प्रेक्षकांनी सामने पाहिले, या स्पर्धेतला तो विक्रम. इतके लोक दुय्यम गोष्टीसाठी तिकीट काढत नाहीत.

आणि थकून येणाऱ्यांबद्दल: त्यांना कुणी बांधून आणत नाही. लांबलचक मोसम संपवून, सुट्टीवर पाणी सोडून एखादा माणूस देशासाठी आणखी दोन-तीन आठवडे खेळायला येतो, यात मला त्या स्पर्धेची किंमत दिसते. क्रॉस्बीला २०२५ मध्ये काय सिद्ध करायचं शिल्लक होतं? त्याच्याकडे स्टॅनली कप (एनएचएलचं विजेतेपद) आहे, ऑलिंपिक सुवर्ण आहे, २०१५ चं प्रागमधलं या स्पर्धेचं सुवर्णही आहे. तरी तो आला.

रेवा

या चर्चेत लाटव्हिया आलाच पाहिजे.

२०२३ ची स्पर्धा टाम्पेरे आणि रिगा इथे झाली. लाटव्हियाने उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनला ३-१ हरवलं तिथेच अर्धा देश रस्त्यावर आला होता. उपांत्य फेरीत ते कॅनडाकडून हरले. मग कांस्यपदकासाठी अमेरिकेशी सामना. अमेरिकेने त्या स्पर्धेत साखळीतला एकही सामना गमावला नव्हता. लाटव्हिया शेवटच्या सत्रात २-३ ने मागे. तेव्हा क्रिस्त्यान्स रुबिन्सने बरोबरी केली. रुबिन्स हा बचावपटू आहे, गोल करणं हे त्याचं मुख्य कामच नाही. ओव्हरटाइम सुरू झाला आणि दीड मिनिटाच्या आत निर्णायक गोलही त्यानेच केला. ४-३. लाटव्हियाचं या स्पर्धेतलं पहिलं पदक.

त्यानंतर जे झालं ते मला फार हलवून गेलं. त्याच रात्री लाटव्हियाची संसद भरली. मध्यरात्रीच्या सुमारास खासदार जमले, काही जण तर संघाच्या जर्सीतच, आणि दुसरा दिवस, २९ मे, सार्वजनिक सुट्टी म्हणून जाहीर केला. संघ रिगाला परतला तेव्हा स्वातंत्र्य स्मारकाच्या परिसरात पाय ठेवायला जागा नव्हती.

साधारण एकोणीस लाख वस्तीचा हा देश. त्यांना विचारा ही स्पर्धा दुय्यम आहे का.

गोलकीपर आर्तुर्स शिलोव्स त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हा तो जेमतेम बावीस वर्षांचा होता, एनएचएलमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने खेळलेला.

केतकी

रेवा, अंगावर काटा आला. सुट्टी जाहीर करायला मध्यरात्री संसद!

सुलभाताई

सगळ्यांचं वाचते आहे, छान चाललंय. १९६९ ची गोष्ट इथे यायला हवी असं वाटलं, म्हणून लिहिते.

ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले आणि तिथले नेते दुबचेक यांच्या सुधारणांचा गळा आवळला गेला. १९६९ ची जागतिक स्पर्धा खरं तर प्रागला व्हायची होती. देशाची ती अवस्था झाल्यावर यजमानपद सोडावं लागलं आणि स्पर्धा स्टॉकहोमला गेली. त्या वर्षी सहाच संघ होते, प्रत्येकाशी दोनदा सामना. म्हणजे चेकोस्लोव्हाक खेळाडूंना सोव्हिएत संघासमोर दोनदा उभं राहायचं होतं.

सोव्हिएत संघ त्या काळात अजिंक्य म्हणावा असा. १९६३ पासून १९७१ पर्यंत सलग नऊ विजेतेपदं त्यांची. २१ मार्चला चेकोस्लोव्हाकियाने त्यांना २-० हरवलं. सामना संपल्यावर हस्तांदोलन करायचा रिवाज आहे, चेकोस्लोव्हाक खेळाडूंनी ते केलं नाही. त्यांच्या जर्सीवर सिंहाचं राजचिन्ह होतं आणि सिंहाच्या डोक्यावर मुकुटाच्या जागी कम्युनिस्ट राजवटीचा पंचकोनी तारा. काही खेळाडूंनी त्या ताऱ्यावर काळी चिकटपट्टी लावली होती. हॉकीस्टिकला गुंडाळायची चिकटपट्टी प्रत्येकाच्या हाताशी असतेच. तिचा एवढासा तुकडा, पण सामना बघणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळत होता. घरी परत जायचं होतं त्या मुलांना, याचाही विचार करा.

२८ मार्चला दुसरा सामना. तोही जिंकला, ४-३. आणि मग चेकोस्लोव्हाकियाभर लोक घराबाहेर पडले. प्रागच्या व्हेन्सेस्लास चौकात तुफान गर्दी, "तुम्ही रणगाडे आणलेत, आम्ही गोल केले" अशा अर्थाच्या घोषणा. सात महिने ज्यांना तोंड उघडता आलं नव्हतं त्यांना एका सामन्याने निमित्त दिलं. त्या रात्री चौकातल्या एरोफ्लोट या सोव्हिएत विमान कंपनीच्या कचेरीची मोडतोड झाली. मॉस्कोला हवं होतं ते कारण मिळालं. एप्रिलमध्ये दुबचेक यांना बाजूला सारून हुसाक यांना आणलं गेलं.

स्पर्धेचं काय झालं? सोव्हिएत संघ, स्वीडन आणि चेकोस्लोव्हाकिया, तिघांचे सारखेच १६ गुण झाले. गोलांच्या हिशोबावर सुवर्ण सोव्हिएत संघाला, रौप्य स्वीडनला, कांस्य चेकोस्लोव्हाकियाला. पण त्या कांस्यपदकाची आठवण तिथे आजही सुवर्णासारखी काढतात. तीन वर्षांनी, १९७२ मध्ये, प्रागमध्येच त्यांनी सोव्हिएत संघाची ती मालिका तोडली आणि विजेतेपद घेतलं.

अनिकेत, तुमचा खेळाच्या दर्जाचा मुद्दा मला समजतो. आणखी एक सांगते, १९७० ते १९७६ कॅनडा या स्पर्धेत उतरलाच नाही. व्यावसायिक खेळाडूंना बंदी होती, त्यावरून वाद. १९७७ पासून ती उठली आणि तेव्हापासून 'प्लेऑफमधून बाद झालेले येणार' हा प्रकार सुरू झाला. त्या आधीच्या स्पर्धांत एनएचएलचा कुणीच नव्हता. मग १९६९ ला काय म्हणायचं?

अनिकेत_प

सुलभाताई, १९६९ बद्दल वरवर वाचलं होतं, चिकटपट्टीचा तपशील माहीत नव्हता. मनापासून धन्यवाद.

माझं म्हणणं थोडं नीट मांडतो. या स्पर्धेला महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. देशांच्या आयुष्यात तिचं स्थान आहे, ते लाटव्हियावरून दिसतंच. माझा आक्षेप 'जगज्जेता' या शिक्क्याला आहे. आणि महासंघाने एनएचएलशी बसून वेळापत्रक जुळवावं, ही अपेक्षा चुकीची आहे का?

बर्फवेडा

अपेक्षा चुकीची नाही, पण जमणं अवघड. एनएचएलचे प्लेऑफ जूनपर्यंत चालतात. स्पर्धा जूनच्या पुढे ढकलली तर युरोपातल्या खेळाडूंना तीन महिने नुसतं वाट बघत बसावं लागेल, त्यांच्या लीग एप्रिलमध्ये संपतात.

शिक्क्याबद्दल: २०१९ चा फिनलंड बघा. स्लोव्हाकियाला आलेला तो संघ कागदावर इतका साधा होता की त्यांच्याच देशात कुणाला आशा नव्हती. एनएचएलचे नावाजलेले फिनिश खेळाडू एकही नाही. उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनला ओव्हरटाइममध्ये ५-४. उपांत्य फेरीत समोर रशिया: ओव्हेच्किन, माल्किन, कुचेरोव्ह सगळे हजर. फिनलंड १-० ने जिंकलं. तो एकमेव गोल मार्को अंतिलाचा, दोन मीटरहून उंच, चौतिशीतला कर्णधार. अंतिम सामन्यात कॅनडाने आघाडी घेतल्यावर पुढचे दोन्ही गोल पुन्हा अंतिलाचेच. ३-१.

समोर रशियाचे तारे होते, थकलेलेही नव्हते सगळे. त्यांना पाच जणांच्या शिस्तीने बांधून ठेवलं. पक (खेळायची रबरी चकती) हातची गेली की पाचही जण आपल्या निळ्या रेषेपर्यंत, म्हणजे बचावक्षेत्राच्या सीमेपर्यंत मागे, मधली जागा बंद, समोरच्याला कडेकडेनेच यावं लागायचं. असा संघ जगज्जेता नाही तर कोण?

रेवा

कडेकडेने यायला लावणं, अगदी बरोबर. तो उपांत्य सामना पुन्हा बघायला मिळाला तर ओव्हेच्किनकडे पक येते तेव्हा तो कुठे उभा असतो ते बघा. गोलसमोरच्या जागेत त्याला फिरकूच दिलं नाही.

मिलिंद

स्वित्झर्लंडबद्दल कुणीच बोललं नाही. २०१३, २०१८, २०२४, २०२५: चार अंतिम सामने, चार रौप्यपदकं. २०१८ ला स्वीडनशी शूटआउटवर गेलं (तेव्हा अंतिम सामन्यातही शूटआउट असायचं). २०२४ ला चेकियाकडून ०-२. २०२५ ला स्टॉकहोममध्ये अमेरिकेशी साठ मिनिटं ०-०, आणि ओव्हरटाइमच्या तिसऱ्या मिनिटाला टेज थॉम्पसनचा गोल. सलग दोन अंतिम सामन्यांत एकही गोल करता आला नाही, आणि त्याच २०२५ च्या उपांत्य सामन्यात त्यांनी डेन्मार्कला ७-० धुतलं होतं! गोलकीपर लेओनार्दो जेनोनी तेव्हा सदतीस वर्षांचा, स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. त्या माणसासाठी जीव तुटतो.

मी वर अनिकेतना +१ दिला होता, तो खेळाच्या दर्जासाठी अजूनही कायम आहे. पण स्वित्झर्लंडचा सामना मी कधी चुकवत नाही, हेही तितकंच खरं.

केतकी

आणि अमेरिकेचं ते १९३३ नंतरचं पहिलं सुवर्ण ना? मी असं कुठेतरी ऐकलं, मग १९६० आणि १९८० च्या ऑलिंपिकचं काय?

सुलभाताई

केतकी, १९३३ नंतर स्वतंत्रपणे भरलेल्या जागतिक स्पर्धेतलं पहिलं. १९६० चं ऑलिंपिक सुवर्ण तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे जागतिक विजेतेपदातही धरलं जातं. १९८० मध्ये ऑलिंपिक होतं म्हणून ही स्पर्धा भरलीच नाही.

२०२५ च्या त्या विजयात आणखी एक गोष्ट होती. जॉनी गॉड्रो हा अमेरिकेचा खेळाडू या स्पर्धेत मनापासून यायचा. ऑगस्ट २०२४ मध्ये तो आणि त्याचा भाऊ सायकलवरून जात असताना गाडीने उडवून दोघेही गेले. संपूर्ण स्पर्धेत अमेरिकेच्या ड्रेसिंग रूममध्ये त्याची १३ क्रमांकाची जर्सी टांगलेली होती, आणि सुवर्णपदकाच्या फोटोत संघाने ती पुढे धरली होती.

रेवा

हो. तो फोटो बघवत नाही.

अनिकेत_प

गॉड्रोचं माहीत होतं. त्या संघात 'आलो म्हणून आलो' असं खेळणारा कुणी नव्हता, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

बर्फवेडा, यंदा मी पहिल्यापासून बघायचं म्हणतोय. सोळा संघ, सात-सात सामने, सगळं बघणं शक्य नाही. कुठून सुरुवात करू?

बर्फवेडा

साखळीच्या शेवटच्या दोन दिवसांपासून, आणि तेही तळाच्या संघांपासून. पदकांचे सामने सगळेच बघतात. घसरण टाळायचे सामने बघा.

२०१९ चा कोशित्सेमधला ग्रेट ब्रिटन-फ्रान्स हा माझ्या मते या प्रकारातला सर्वोत्तम. हरणारा खाली जाणार हे स्पष्ट होतं. ब्रिटन पंचवीस वर्षांनी वर आलेलं, आणि ०-३ ने मागे. तिथून ३-३. ओव्हरटाइममध्ये बेन डेव्हिसचा गोल, ४-३. फ्रान्स २००८ पासून वरच्या विभागात होता, तो घसरला. एकाच बर्फावर एका टोकाला ब्रिटिश खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडलेले, दुसऱ्या टोकाला फ्रेंच खेळाडू जागच्या जागी बसलेले. त्यातल्या बहुतेकांची नावं आपण कधी ऐकलेली नसतात.

आणि सामना एका गोलच्या फरकाने चालला असेल तर शेवटच्या तीन मिनिटांत मागे असलेल्या संघाच्या गोलकीपरकडे लक्ष ठेवा. तो सारखा बाकाकडे बघत असतो. प्रशिक्षकाने हात केला की गोल उघडा टाकून सुसाट सुटतो आणि त्याच्या जागी सहावा खेळाडू उतरतो. पुढचं मिनिट-दीड मिनिट पक हातची सुटली तर सामना गेला, टिकली तर बरोबरी. लहान संघ हे कसं हाताळतो यावरून त्याची तयारी कळते. घाबरलेला संघ लांबून फटके मारत सुटतो. सरावलेला संघ सहाव्या माणसाला गोलकीपरच्या डोळ्यांसमोर उभा करतो आणि मग वाट बघतो.

केतकी

हे लिहून ठेवलं. २०२६ ची कुठे आहे?

मिलिंद

स्वित्झर्लंडमध्ये, झ्युरिक आणि फ्रीबूर. घरच्या बर्फावर. ब्रिटन आणि इटली वर आलेत, त्यामुळे बर्फवेडा म्हणतात तसले सामने भरपूर.

अनिकेत_प

ठीक. मग ब्रिटनपासून सुरुवात करतो. सामने सुरू झाले की याच धाग्यावर लिहीन, पटलं तरी आणि नाही पटलं तरी.